घरच्यांनी आग्रह धरावा

माझ्या खोलीत इंजेक्शन नव्हतं, गोळ्या नव्हत्या, बी.पी. मोजायचं यंत्रही नव्हतं. एक टेबल, तीन खुर्च्या आणि एक पंखा. तो पंखा इतका खडखडायचा की पेशंटचं बोलणं बाहेर जाण्याची भीती नव्हती. मलाच ते जेमतेम ऐकू यायचं. दारावर ‘समुपदेशन कक्ष’ अशी पाटी. ती वाचून आत येणाऱ्यांपैकी निम्मे लोक एक्स-रे कुठे काढतात ते विचारायचे आणि उरलेले कसलं ना कसलं सर्टिफिकेट मागायचे. यवतमाळच्या एका सरकारी दवाखान्यात मी सत्तावीस वर्षं या खोलीत बसले.

संपादकांनी फोनवर सांगितलं की नोकरीतल्या गमतीजमती लिहा, दिवाळीला लोकांना हलकंफुलकं आवडतं. गमती आहेतच. दर दुसरा पेशंट खुर्चीत टेकता टेकता म्हणायचा, “मॅडम, आधी एक सलाईन लावून द्या, मंग बोलू.” एका बाईंनी मला ओळीने चार आठवडे घरच्या शेवग्याच्या शेंगा आणून दिल्या आणि पाचव्या आठवड्यात विचारलं, “मॅडम, तुमी डॉक्टर कधी होनार?” हे सगळं लिहायला बसले खरी, पण दोन पानांच्या पुढे जाईना. मनात दुसरंच घोळत होतं. ते बाहेर काढल्याशिवाय गमती काही कागदावर यायला तयार नाहीत.

आधी आमचा धंदा काय असतो ते सांगते. माणूस दुखणं घेऊन दवाखान्यात येतो. रक्त, लघवी, थायरॉईड, छातीचा फोटो, सगळं होतं. काहीच सापडत नाही. मग डॉक्टर केसपेपरवर ‘रिपोर्ट नॉर्मल’ लिहितात आणि बोटाने माझ्या खोलीकडे दाखवतात. रिपोर्ट नॉर्मल आला की आनंद व्हायला हवा. पण ज्याचं अंग दुखतंय त्याला तो अपमान वाटतो, आणि घरच्यांना वाटतं की चला, चोरी सापडली. असा अपमान झालेला माणूस आणि असे घरचे दोघंही माझ्या पुढ्यात येऊन बसायचे. मी ऐकून घ्यायची, प्रश्न विचारायची, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंतचा दिवस त्यांच्या तोंडून वदवून घ्यायची. आणि त्या दिवसाची घडी थोडी बदलून द्यायची. कधी उठायचं, कोणाशी बोलायचं, काय टाळायचं नाही. बस्स, एवढंच आमचं औषध.

या औषधात माझी एक खासियत होती आणि मला तिचा फार तोरा होता. माझं अक्षर. आमच्या घरात तीन पिढ्या कचेरीत टेबलाशी बसलेल्या. वडिलांनी लहानपणी रोज एक पान शुद्धलेखन लिहून घेतलं, अक्षर वळणदार येईपर्यंत जेवायला हाक मारली नाही. डॉक्टर लोक केसपेपरवर इंग्रजीत जे काही खरडतात ते फक्त औषधाच्या दुकानदाराला कळतं. मी मात्र केसपेपरच्या पाठीमागे मराठीत, टपोऱ्या अक्षरात, शाळेच्या फळ्यावर लिहावं तसं लिहायची. सरकारी दवाखान्यात केसपेपर पेशंटकडेच राहतो. प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून तो घरी जातो, घरात कोणीतरी तो वाचतो. माझा हिशोब असा की पेशंट तासभर माझ्याकडे आणि बाकीचा महिना घरच्यांकडे, तेव्हा सूचना घरच्यांना वाचता आली पाहिजे.

हा हिशोब बरेचदा जुळायचाही. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारे एक गृहस्थ होते. बायको गेल्यावर त्यांनी पलंग धरला. कामावर जाणं सोडलं, दाढी सोडली, बोलणं सोडलं. मी लिहून दिलं, ‘रोज संध्याकाळी चौकापर्यंत चालून यावे. घरच्यांनी आग्रह धरावा.’ त्यांच्या सुनेने तो कागद देवघराशेजारी चिकटवला आणि रोज पाच वाजता सासऱ्यापुढे चप्पल ठेवली. तीन महिन्यांनी ते स्वतः मला भेटायला आले, दाढी करून. “मॅडम, सून ऐकतच नव्हती, काय करा लागते,” म्हणाले आणि हसले. त्या दिवसापासून ‘घरच्यांनी आग्रह धरावा’ ही ओळ माझी ठरून गेली. मी ती कोणालाही लिहून द्यायची, जसे काही डॉक्टर कोणालाही बी-कॉम्प्लेक्स देतात.

वंदना आली ती निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना. आर्णीजवळच्या एका खेड्यातली, पस्तिशीच्या आतली. घरची कापूस-तुरीची शेती, नवरा गजानन, सासू, आणि चौथीत शिकणारी मुलगी आरोही, जिला सगळे आरू म्हणत. पावसाळ्यात वंदनाला ताप आला होता. आठ दिवसांत ताप उतरला, पण त्यानंतर ती पडली ती उठलीच नाही. म्हणजे उठायची, दोन भाकऱ्या थापायची आणि परातीशीच बसून राहायची. घरात कामाचं नाव काढलं की दोन माणसांचं काम करणारी बाई ती, असं तिची सासूच सांगत होती.

“मॅडम, मी नाटक नाई करून राह्यली,” हे तिचं माझ्याशी पहिलं वाक्य. मी अजून तिचं नावही विचारलं नव्हतं.

“नाटक म्हणतंय कोण?” मी विचारलं.

“कोनीच मनत नाई. पन पायतात तसं.”

मग ती सांगू लागली. झोपून उठलं तरी झोप झाल्यासारखी वाटत नाही. डोक्यात धुकं बसतं, चहात साखर टाकली की नाही ते आठवत नाही. आणि एक गोष्ट तिने नीट, माझ्याकडे बघून सांगितली. “मॅडम, काम केलं त्या दिवशी काई होत नाई. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आंगातला सगळा जीव निंगून जाते. मंग कूस बदलवत नाई. तुमच्याकडं आली ना आज, आता परवा पायजा माहे हाल.”

परवा मी कुठून पाहणार होते? मला ऐकू आलं ते एवढंच की हिला बाहेर पडण्याची धास्ती बसली आहे. माझ्या पुस्तकात याचं नाव ठरलेलं होतं: आजारपणानंतर माणूस हालचालीला भितो, टाळतो, टाळल्याने आणखी अशक्त होतो. उपायही ठरलेला होता. रोज थोडं थोडं काम वाढवत न्यायचं. ती जे सांगत होती ते मी ऐकलं नाही. जे मला आधीच माहीत होतं तेच मी तिच्या तोंडून ऐकलं. सत्तावीस वर्षं ऐकण्याचा पगार घेतलेल्या बाईने हे लिहावं याची लाज वाटते.

मी केसपेपर उलटा केला आणि माझ्या सुरेख अक्षरात लिहिलं, ‘शारीरिक आजार नाही. रोज कालच्यापेक्षा थोडे जास्त काम करावे. दिवसा झोपू नये. घरच्यांनी आग्रह धरावा.’

सासू निरक्षर होती. गुडघे गेलेले, स्वभाव साधा. तिने तो कागद दोन्ही हातांनी घेतला. कागद वाचून दाखवायचं काम घरात आरूकडे गेलं. चौथीतली मुलगी, जोडाक्षरं नुकती अडखळल्याशिवाय यायला लागलेली, आणि माझं अक्षर तर पाठ्यपुस्तकासारखं. सासूने तो कागद स्वैपाकघरात खिळ्याला टांगला. रोज सकाळी शाळेत जायच्या आधी आरू तो खणखणीत आवाजात वाचायची आणि आजी म्हणायची, “ऐकलं ना माय? मॅडमनं लिहून देल्लं हाये. ऊठ.” यात दुष्टपणा कुठेच नव्हता. गोळी वेळेवर द्यावी तसं ती म्हातारी माझं औषध सुनेला वेळेवर देत होती.

पुढच्या दोन भेटींना वंदना आली तेव्हा मी विचारलं, “काम वाढतंय का?”

“हाव मॅडम, वाढून राह्यलं.”

“बरं वाटतं?”

ती सासूकडे बघून म्हणाली, “हाव.”

मी ‘प्रतिसाद चांगला’ असं लिहिलं. चेहरा काळवंडलेला होता, ओठांना कोरड होती, खुर्चीच्या हाताला ती घट्ट धरून बसली होती. हे सगळं मला आज दिसतं.

आमच्याकडे कापसाच्या पहिल्या वेच्याला सीतादही करतात. शेतात पूजा मांडायची, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, आणि घरच्या लक्ष्मीने पहिली बोंडं वेचायची. गजाननच्या घरी हा मान वंदनाचा. सणाच्या आधीच्या चार दिवसांत पाहुणे आले, घर सारवून झालं. सीतादहीच्या दिवशी तिला जरा बरं वाटत होतं. पूजा झाली. दहा-वीस बोंडं वेचून तिने कापसासाठी कमरेला बांधलेली ओटी सोडली असती तरी चाललं असतं. पण शेतात मजुरीच्या बाया होत्या, सासू बांधावर बसून बघत होती, आणि सकाळीच आरूने ‘कालच्यापेक्षा थोडे जास्त’ वाचून दाखवलं होतं. तिने दुपारपर्यंत कापूस वेचला. सासूने कौतुकाने तिची दृष्ट काढली.

तिसऱ्या दिवशी तिला उठता येईना. दहाव्या दिवशीही येईना. उजेड सहन होईना, भांडं पडलं की ती रडायची, घास चावायलाही दम लागायचा. महिना असा काढल्यावर गजाननने गाडी केली आणि मागच्या सीटवर आडवी टाकून तिला दवाखान्यात आणलं. स्ट्रेचर माझ्या दारावरून गेलं. मी कागदावर लिहीत होते. मान वर करून पाहिलं आणि मी तिला ओळखलं नाही. मागून चालणाऱ्या गजाननला ओळखलं.

त्या वर्षी एक तरुण डॉक्टरीण नव्याने रुजू झाली होती. तिने वंदनाला एकटीला, दार लोटून, हळूहळू दोन दिवस विचारलं. मग माझ्या खोलीत आली आणि बसली. “मॅडम, क्रॉनिक फटीग सिंड्रोम. तापानंतर काहींना होतो. रक्तात दिसत नाही, पण आजार खरा आहे. अशा पेशंटला कामाला ढकललं की तब्येत आणखी खालावते. श्रमाचा दणका दोन दिवसांनी बसतो, हीच याची खूण.” मग तिने वंदनाचा केसपेपर माझ्यापुढे सरकवला. पाठची बाजू वर होती. तिने मला दोष दिला नाही, आणि त्याबद्दल मी तिची आजही ऋणी आहे.

दुसऱ्या दिवसापासून मी नव्याने शिकायला लागले, त्या वयात, माझ्याहून पंचवीस वर्षांनी लहान मुलीकडून. या आजारात आमच्या खोलीचं काम काय, हे तिने मला नीट समजावलं. थकवा घालवणं आमच्या हातात नाही. त्याच्याभोवती जे जमतं ते थोडंफार हलकं करता येतं: आपण खोटारडे ठरलो याचा संताप, लेकराची वेणी घालता येत नाही याची शरम, आणि पूर्वीच्या स्वतःचं सुतक. हो, सुतकच. दोन माणसांचं काम करणारी ती बाई गेली होती आणि तिच्यासाठी कोणी रडलंही नव्हतं, कारण ती मेली आहे हे घरात कोणाला मान्यच नव्हतं.

मी वंदनाच्या खाटेशी रोज दहा मिनिटं बसायला लागले, घड्याळ लावून. तिला शिकवलं की थकल्यावर थांबायचं नाही, थकण्याच्या आधी थांबायचं. आंघोळ एका दिवशी, केस दुसऱ्या दिवशी. भाजी निवडायची तर पडून निवडायची. आणि सगळ्यात अवघड म्हणजे, नाही म्हणायचं.

“नाई मनाची सवय नाई ना मॅडम,” ती पुटपुटली. “आमच्या घरी बाई नाई मनत नाई.”

“मला म्हणून पाहा. सराव कर.”

ती माझ्याकडे बघून म्हणाली, “तुमाले कसं मनू?”

घरी पाठवताना मी नवा कागद लिहिला. ‘आधी लिहिलेला सल्ला चुकीचा होता. हा खरा शारीरिक आजार आहे. पूर्ण विश्रांती द्यावी. कामाचा आग्रह धरू नये.’ खाली सही केली. एवढ्यावर भागणार नाही हे कळत होतं, म्हणून एका सुट्टीच्या दिवशी त्यांच्या गावी गेले. सासूने पाट दिला, चहा दिला, माझं सगळं ऐकलं. मग खिळ्यावरचा जुना कागद काढून आणला आणि दोन्ही कागद माझ्यापुढे ठेवले.

“मॅडम, मी अडानी बाई. पन अक्षर तं दोन्हीवर तुमचंच हाये ना? तवा खोटं होतं का आता खोटं हाये?”

“तेव्हाचं चूक होतं, मावशी. चूक माझी.”

“तुमची चूक कायले होईन? तुमी शिकल्या-सवरल्या. तिनं तुमच्यापाशी रडगानं गायलं, तुमचा जीव पघळला.” ती माझी समजूत घालत होती. माझ्या पहिल्या कागदावर तिचा इतका विश्वास बसला होता की आता तो मलाही उखडता येईना. दारामागे आरू उभी होती, फ्रॉकची कड चावत. तिला जवळ घेऊन मी सांगितलं की आईच्या दुखण्यात तुझा काही दोष नाही. तिने विचारलं, “मी वाचून दाखवलं म्हनून?” मी नाही म्हटलं. तिला ते पटलं की नाही, ठाऊक नाही. मी लिहिलेलं तिने वाचलं होतं, मी बोललेलं तिने कशावरून खरं मानावं?

ऐन वेचणीत पडून असलेल्या माणसाचं करायला घरात कोणी नव्हतं. गजानन वाईट माणूस नव्हे, पण तो आई आणि बायकोच्या मध्ये सापडला आणि त्याने सोपा रस्ता काढला. दोन-चार महिने म्हणून वंदनाला बोरी अरबला तिच्या भावाकडे पोचवून दिलं. आरूची शाळा इकडे, आजी इकडे, म्हणून आरू इकडेच राहिली. त्या दोन-चार महिन्यांना आता चौथं वर्ष लागलं आहे.

मधल्या काळात मी निवृत्त झाले. समारंभात नारळ, शाल, सगळं झालं. एका वक्त्याने माझ्या अक्षराचंही कौतुक केलं. शाल घेऊन घरी आले आणि ठरवलं की वंदनाला भेटून माफी मागायची. दवाखान्यात चूक झाल्याचं तिला सांगितलं होतं, पण ते मॅडमने पेशंटला सांगितल्यासारखं. मला एकदा बाईने बाईला सांगायचं होतं. ठरवण्यातच आणखी वर्ष गेलं. मागच्या हिवाळ्यात धीर करून फोन लावला आणि विचारलं, “शनिवारी येऊ का?” ती मग म्हणाली, “या ना मॅडम. तुमी येनार तं नाई कसं मनू?”

मी गेले. भावाचं घर बाजाराच्या मागच्या अंगाला आहे. तिची खोली थंड, खिडकीला जाड पडदा. वंदना उशीला टेकून बसली होती. धुतलेली साडी, विंचरलेले केस, कपाळावर कुंकू. मला बरं वाटलं, मनात म्हटलं, सुधारलेली दिसते. मी पलंगापाशी खुर्ची ओढली आणि तीन वर्षं पोटात साठवलेलं सगळं बोलले. कागदाचं, अक्षराच्या तोऱ्याचं, न ऐकल्याचं. रडलेही. ती माझा हात हातात घेऊन ऐकत होती. मध्ये मध्ये डोळे मिटायची, पुन्हा उघडायची.

“मॅडम, माह्या मनात काई नाई,” ती शेवटी म्हणाली. “तुमी एवढ्या दूरून आल्या. आमाले कोन इचारते?”

मी घड्याळ पाहिलं तेव्हा सव्वा तास झाला होता. तिच्या गालावरून हात फिरवला आणि बाहेर आले. किती तरी दिवसांनी हलकं वाटत होतं. ओसरीवर तिच्या वहिनीने चहा आणला. कप माझ्या हातात देऊन ती समोर उभीच राहिली, पदराशी चाळा करत.

“मॅडम, राग नोका मानू. पन तुमाले शनवारच सापडला का?”

“का गं?”

“उद्या आरू येते ना. महिन्यातून एकडाव तिचा बाप आनून सोडते, संध्याकाळी नेते. ताई चार दिवसांपासून पडून होत्या, उद्यासाठी. बोलत नोत्या, उठत नोत्या. पोरीची वेनी घालायची मनत होत्या. अन् आज सकाळीच न्हाल्या, केस इंचरले, बसून राह्यल्या. मी मनलं, ताई, मॅडमले नाई मना. तं मने, मॅडमले कसं मनू?”

आतल्या खोलीत डोकावले. वंदना आडवी झाली होती, भिंतीकडे तोंड करून, हात डोळ्यांवर. वहिनीने पडदा ओढून घेतला आणि ओठांवर बोट ठेवलं. मी चहा तसाच ठेवला आणि बस स्टँडवर आले.

दुसऱ्या दिवशी आरू आली तेव्हा काय झालं, ते मला माहीत नाही. विचारायला मी फोन केलेला नाही. फोनवर बोलायलाही तिला ताकद लागते, आणि माझा फोन ती उचलल्याशिवाय राहणार नाही.